मोजमापाची साधने – भाग 7 : वेगवान संकेत, हातातला रेकॉर्डर

लखनौच्या दक्षिणेला, रायबरेली रस्त्यालगत वृंदावन योजना ही वसाहत आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे ‘डिफेक्स्पो’ हे संरक्षण प्रदर्शन भरले आणि तोफा-रणगाडे सर्वसामान्यांनाही जवळून पाहता आले. पाहणाऱ्याला तोफेची नळी दिसते, पल्ला कळतो. तोफ घडवणाऱ्याचे लक्ष मात्र नळीच्या आत असते.

पुण्यातील पाषाणच्या ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘एटॅग्ज’ तोफ घ्या. तिचे कॅलिबर 155 मिलिमीटर आणि नळी त्याच्या 52 पट, म्हणजे सुमारे 8 मीटर लांब. बार उडाला की गोळा ही नळी साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात पार करतो. दाबाचा सगळा चढउतार तेवढ्यातच होतो. सेकंदाला 1,000 नमुने घेणाऱ्या रेकॉर्डरच्या हाती त्याचे जेमतेम 20 बिंदू लागतील. 1 लाख नमुने घेणाऱ्याच्या हाती 2,000.

म्हणून रेकॉर्डरच्या निवडीची सुरुवात माहितीपत्रकापासून नव्हे, मोजायच्या संकेतापासून करायची. त्यातला सर्वांत वेगवान बदल केवढा, हे आधी ठरवावे. सिद्धान्तानुसार सँपलिंग रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेले नमुने, सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून जास्त हवा; पण लाटेचा आकार नीट उमटायला प्रत्यक्षात दहापट धरलेला बरा.

दर कमी पडला तर नोंद नुसती ढोबळ होत नाही, खोटी होते. 60 किलोहर्ट्झचा संकेत सेकंदाला 50,000 नमुन्यांनी टिपला, तर कागदावर 10 किलोहर्ट्झची लाट दिसते. सिनेमात गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, तोच हा प्रकार. नोंद झाल्यावर हा दोष काढता येत नाही. त्यासाठी जास्तीच्या वारंवारता गाळणारा अँटी-एलियासिंग फिल्टर संकेत अंकांत बदलण्याआधीच लागतो. तो यंत्रात आहे का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

लखनौतच, मानकनगरला, रेल्वेची ‘आरडीएसओ’ ही संशोधन संस्था आहे. नव्या डब्यांच्या आंदोलन चाचण्या ती घेते. रेल्वेच्या चाकाचेच उदाहरण पाहू. 915 मिलिमीटर व्यासाचे चाक ताशी 160 किलोमीटर वेगात सेकंदाला सुमारे साडेपंधरा फेरे घेते. चाकाचा एखादा भाग झिजून सपाट झाला, तर तितकेच ठोके रुळावर बसतात. पंधरा-सोळा ठोके म्हणजे संथ काम, असे वाटेल. पण एकेक ठोका काही मिलिसेकंदांचाच असतो आणि त्याची कंपने हजारो हर्ट्झपर्यंत जातात. ठोके किती वेळा पडतात यावर नव्हे, एक ठोका किती झटपट उमटतो यावर यंत्र निवडायचे.

पुढचा सापळा चॅनलचा. ‘10 लाख नमुने’ हा आकडा दर चॅनलचा की सर्वांचा मिळून? आठ चॅनल एकच रूपांतरक पाळीपाळीने वापरत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा लाखच येतात. शिवाय चॅनलांच्या वेळा एकमेकांशी जुळत नाहीत. दोन ठिकाणच्या धक्क्यांतले वेळेचे अंतर मोजायचे असेल, तर सर्व चॅनलांचे नमुने एकाच क्षणी घेणारे यंत्र हवे.

बारकावाही पाहावा. उणे 10 ते अधिक 10 व्होल्टच्या पट्ट्यात 8 बिटांच्या यंत्राची एक पायरी 78 मिलिव्होल्टची. 16 बिटांची 0.3 मिलिव्होल्टची. साधे हातातले ऑसिलोस्कोप बहुधा 8 बिटांचे असतात. बिघाड शोधायला ते उत्तम, सूक्ष्म मोजणीला अपुरे.

नोंद नेमकी केव्हा सुरू होते, हेही महत्त्वाचे. 1967 च्या कोयना भूकंपाची धरणातल्या यंत्राने केलेली नोंद अभियंते आजही वापरतात. त्या काळची अशी यंत्रे धक्का जाणवल्यावरच सुरू होत, त्यामुळे सुरुवातीचा भाग निसटे. आताचे रेकॉर्डर स्मृती सतत फिरती ठेवतात आणि ट्रिगरच्या, म्हणजे नोंद सुरू करणाऱ्या इशाऱ्याच्या, आधीचे क्षणही राखतात. तोफेच्या बारासारख्या एकदाच घडणाऱ्या घटनेसाठी ही सोय अनिवार्य आहे.

शेवटी साठवण. आठ चॅनल, प्रत्येकी सेकंदाला 10 लाख नमुने, प्रत्येक नमुना 2 बाइटचा : सेकंदाला 16 मेगाबाइट, तासाला 57 गिगाबाइटांहून अधिक. धक्के बसणाऱ्या जागी फिरती तबकडी नको, एसएसडी हवी. मे महिन्यात लखनौचा पारा 40 अंशांपुढे जातो. तेव्हा चालण्याची तापमानमर्यादा आणि बॅटरी किती वेळ पुरते, हेही तपासावे.

खरेदीआधी विक्रेत्याकडून यंत्र एक दिवस मागून घ्या, आपलाच सेन्सर जोडा आणि आपल्याच जागेवर नोंद करून पाहा. पुढील भागात : सेन्सर आणि केबल.