एकदाच सांगा

पहाटे पाचला तबेल्यात पोचतो तेव्हा चंदी होऊन गेलेली असते. खाल्ल्यावर निदान तासभर खोगीर चढवायचं नाही, म्हणून साडेसहाच्या बॅचसाठी सईस अंधारातच उठतात. खरारा चालू असताना मी कुमैत घोडीच्या चारही पायांवरून हात फिरवतो. गरम नाही, सूज नाही. पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आलेली ही घोडी. आज तिच्यावर बँकेतल्या एक मॅडम कँटर शिकणार आहेत.

साडेसहा. आधी नुसतं चालणं, मग दुडकी. मॅडमची दुडकी चांगली आहे.

सात वाजता खरं काम. कँटर ही तीन ठोक्यांची चाल. उजव्या लीडवर, म्हणजे पुढचा उजवा पाय आघाडीला ठेवून, निघताना आधी मागचा डावा पाय, मग मागचा उजवा आणि पुढचा डावा एकदम, शेवटी पुढचा उजवा. त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत. म्हणजे सुरुवात होते ती मागच्या, वळणाच्या बाहेरच्या पायापासून. म्हणून स्वाराने बाहेरची पोटरी तंगाच्या जराशी मागे न्यायची, आतली तंगापाशीच दाबायची, बाहेरचा लगाम किंचित आवळून लगेच सोडायचा. जागा कोपऱ्याची, कारण तिथे घोडा आधीच आत वाकलेला असतो.

मॅडम एवढं करतात, आणि वर बरंच काही. पुढे झुकतात, खाली बघतात, जीभ वाजवतात, टाचा मारत राहतात, लगाम ओढून धरतात. घोडी दुडकीतच सुसाट.

“सर, ही ऐकतच नाही.”

“मॅडम, सगळंच ऐकतेय. टाच म्हणतेय जा, लगाम म्हणतोय थांब. त्यात ही रेसची. लगाम ताणला की हिला वाटतं, आता पळायचंय.”

दुडकी बिघडली की कँटर मागायचाच नाही, हा माझा हट्ट. वीस मीटरचं वर्तुळ, चाल शांत, पुन्हा कोपरा. बहुतेक वेळ यातच जातो आणि जायलाच हवा. घाईच्या दुडकीतून निघालेल्या कँटरला मी कँटर म्हणत नाही. उरतो प्रश्न वेळेचा. झेनोफॉन या ग्रीक सेनानीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहिलं, त्यातही दुडकीत कोणता पाय उचललेला असताना इशारा द्यायचा याचा हिशोब आहे. मॅडमना तो पाय अजून खोगिरातून कळत नाही, म्हणून मी मैदानातून ओरडतो, “आत्ता!”

घोडीचा एक कान मागे वळतो. मॅडमची पोटरी एकदाच लागते. मागचा बाहेरचा पाय पोटाखाली येतो, खोगीर पुढून उचललं जातं, आणि घोडी कँटरमध्ये. पाच-सहा उड्यांनंतर मॅडमच्या टाचा पुन्हा चालू. “निघालीय ना ती? मग आता गप्प बसा!”

नऊनंतर ऊन चढतं. घोड्यांना पाणी मारणं, नालबंद, हिशेब. दुपार अशीच जाते.

चारला घोडी लाँजच्या लांब दोरीवर माझ्याभोवती गोल, डाव्या बाजूनं. मुंबई-पुण्याच्या रेस घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पळतात, त्यामुळे उजवी वळणं हिच्या अंगवळणी पडलेली. डावीकडे कधी पुढून बरोबर, मागून चूक अशी वेडीवाकडी निघते. वर स्वार नाही, म्हणजे हा घोळ तिचा स्वतःचा. चाबूक दाखवून तो सुटत नाही. दुडकीत परत आणायचं, सावरू द्यायचं, मग पुन्हा आवाज.

पाचला मुलांची बॅच, दुसऱ्या घोड्यांवर. एक मुलगी पहिल्याच कोपऱ्यात कँटर घेते. कसं केलंस म्हटलं तर सांगता येत नाही. मुलं फार सूचना देत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा.

सातला मॅडमचा मेसेज: “सर, उद्या डावी बाजू घेऊ या का?” उद्या सोमवार, घोड्यांची सुट्टी. मंगळवारी या म्हणून कळवलं. आधी रिकिबीशिवाय दुडकी.