पाळीची तक्रार आणि कान

निघोजेत चाकण एमआयडीसीच्या गोंगाटी प्रेस शॉपमध्ये (पत्रे दाबून आकार देणाऱ्या विभागात) उभ्या राहणाऱ्या कितीतरी मुलींना पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार, असणार. पाळी चुकते, वजन वाढतं. कानाचा विचार मात्र कुणी करत नाही. 2013 साली तुर्कस्तानातल्या डॉक्टरांना आढळलं की पीसीओएस असलेल्या तरुणींना अगदी वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. नेहमीची श्रवणचाचणी 8000 हर्ट्झला थांबते, त्यामुळे त्यापलीकडची घट रिपोर्टात दिसतच नाही. संशय इन्सुलिनच्या बिघाडावर आणि बारीक रक्तवाहिन्यांवर आहे. आतल्या कानाला रक्त नेणारी मुख्य धमनी एकच, पर्यायी वाट नाही. तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रेस शॉपमधला गोंगाटही त्याच पेशींवर घाव घालतो. कारखान्यात आठ तासांच्या कामाला 90 डेसिबलची मर्यादा साऱ्या कानांना सारखीच, हे मला खटकतं.