रेडिओचा लाल दिवा आणि सेलचा खर्च

दुकानात रेडिओ लावून ठेवण्याची आपल्या लोकांची सवय जुनी आहे. कापडाची पेढी असो, शिंप्याचे मशीन असो की यंत्रमागाचा कारखाना असो, फळीवर एखादा सेट बोलत असतोच. मोबाईल आल्यावरही माझ्यासारख्यांच्या दुकानातून तो गेलेला नाही. गिऱ्हाईक असले तरी कान बातम्यांकडे राहतो आणि हात मोकळे राहतात.

अजान झाली की आपण रेडिओचा आवाज बंद करतो. हा अदब आहे आणि तो राहायलाच हवा. परंतु सेलची बरबादी नेमकी येथून सुरू होते. जुन्या पद्धतीच्या सेटमध्ये आवाजाचे बटण आणि चालू-बंद करण्याचा खटका एकाच दांडीवर असतात. बटण मागे फिरवत नेले आणि शेवटी 'टक' झाले तर सेट बंद. घाईत हात त्या 'टक'च्या आधीच थांबला तर आवाज जातो, परंतु सेट चालूच राहतो. नमाज पढून आलो, समोर दोन गिऱ्हाइके उभी, थान उलगडायला घेतले, आणि रेडिओ गप्प आहे म्हणजे बंदच आहे असे समजून चाललो. रात्री केंद्राचे प्रसारण संपल्यावर चालू राहिलेल्या सेटचेही असेच होते.

आमच्या मालेगावात यंत्रमागाची सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी रात्री ९ वाजता दुकान बंद केले आणि शनिवारी सकाळी ९ वाजता उघडले, तर मधे ३६ तास जातात. लहान सेट आवाज न काढताही १५ मिलिअँपिअरच्या आसपास वीज ओढत असतो. म्हणजे ३६ तासांत ५४० मिलिअँपिअर-तास खर्च झाले. साध्या पेन्सिल सेलच्या पोटात ५०० ते १००० एवढीच शिदोरी असते, आणि चार सेल एकापुढे एक लावले तरी व्होल्ट वाढतात, शिदोरी एकाचीच राहते. म्हणजे एका जुम्म्यात चारही सेल जवळजवळ गेले.

यावर उपाय सोपा आहे. सेट चालू असताना पेटेल असा एक लहान दिवा पुढच्या बाजूला बसवायचा. घरच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत डायलमागे बल्ब सतत जळत असे, कारण तिथे विजेची ददात नव्हती. सेलवरच्या सेटमध्ये ते परवडत नाही. टॉर्चचा साधा बल्बच ३०० मिलिअँपिअर खातो, म्हणजे वीस रेडिओंचा खर्च एकट्याचा. म्हणून कंपन्या डायलचा बल्ब दिलाच तर तो दाबून धरण्याच्या बटणावर देत. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी अमेरिकेत १९६२ साली तयार झाला. पुढे तो स्वस्त झाला तेव्हा कुठे हे काम गल्लीतल्या कारागिराच्या हाताशी आले. आज एलईडी आणि त्याच्याबरोबरचा रेझिस्टन्स मिळून एका चहाच्या पैशात येतात.

मीही माझ्या चार सेलच्या सेटला असा दिवा बसवून घेतला. दुकानाचे नाव घेत नाही. दिवा झकास पेटला, रस्त्यावरून दिसेल असा. मी खूश. परंतु महिना जाण्याच्या आत लक्षात आले की सेल पूर्वीपेक्षा लवकर संपत आहेत, आणि आता तर मी सेट विसरतही नव्हतो! आमच्या मोहल्ल्यातल्या एका जुन्या उस्तादांकडे सेट नेला. त्यांनी मागचे झाकण काढले, चष्मा वर केला, रेझिस्टन्सकडे पाहिले आणि म्हणाले, "सेठ, रेडिओपेक्षा दिवा जास्त खातोय."

झाले असे होते. रेझिस्टन्सची किंमत त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांनी कळते. लाल, लाल, लाल म्हणजे २२०० ओहम, ज्याला कारागीर २.२ के म्हणतात. लाल, लाल, तपकिरी म्हणजे फक्त २२० ओहम. शेवटची सोनेरी पट्टी दोन्हींवर सारखीच असते. संध्याकाळच्या उजेडात तपकिरी आणि लाल ओळखायला कठीण, आणि दिवा तर दोन्हींनी पेटतो. उलट चुकीचा रेझिस्टन्स लावला तर जास्तच छान पेटतो! म्हणून गिऱ्हाइकाला शंका येत नाही.

मीटर-वाराचा हिशेब करणाऱ्या माणसाला यातले गणित अवघड नाही. चार सेलचे ६ व्होल्ट. लाल एलईडी स्वतःसाठी सुमारे १.८ व्होल्ट ठेवून घेतो. उरले ४.२. त्याला रेझिस्टन्सने भागायचे. २२० ने भागले तर १९ मिलिअँपिअर, २२०० ने भागले तर २ सुद्धा पुरते नाहीत. सेटचा स्वतःचा खर्च १५ असताना त्यात १९ ची भर घालणे म्हणजे नफ्यापेक्षा दलाली मोठी. हल्लीचे जादा उजेडाचे एलईडी १ मिलिअँपिअरवरही स्पष्ट दिसतात. त्यांना ४.७ के लावावा, पट्ट्या पिवळी, जांभळी, लाल. दोन सेलच्या ३ व्होल्टच्या सेटला ६८० ओहम पुरतो, पट्ट्या निळी, करडी, तपकिरी.

त्या दोन सेलच्या सेटमध्ये पांढरा किंवा निळा एलईडी घालण्याचा हट्ट गिऱ्हाइकाने केला तरी ऐकू नये. त्यांना स्वतःलाच ३ व्होल्टच्या जवळपास लागतात, सेल थोडे उतरले की दिवा गेला. लाल दिव्याचे उलट आहे. सेल उतरत जातात तसा तो मंद होत जातो, म्हणजे सेल बदलायची सूचनाही त्यातच मिळते. एकाच सेलवर चालणाऱ्या सेटमध्ये मात्र यापैकी काहीच पेटणार नाही. लुकलुकणारा एलईडीही नको, त्याची टिकटिक स्पीकरमधून येऊ शकते.

जोडणीबद्दल उस्तादांनी जे दाखवले ते तरुण कारागिरांनी ध्यानात ठेवावे. दिव्याची तार खटक्याच्या पलीकडे, म्हणजे सेट बंद केल्यावर जिथली वीज जाते तिथे लावायची. सेलच्या पत्रीवर थेट डाग दिला तर दिवा रात्रंदिवस जळेल. एलईडीचा लांब पाय प्लसकडे. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या पुष्कळ सेटमध्ये अर्थ प्लसला असते, म्हणून अंदाजाने न जाता मीटर लावून पाहावे. भोक ३ मिलिमीटरचे, हातानेच फिरवून पाडावे आणि त्याआधी स्पीकरवर कागद चिकटवावा, नाहीतर किस पडद्यावर बसून आवाज घरघरतो. डायलचा दोरा आणि काळ्या फेराइट कांडीवरची बारीक तार यांना धक्का लागता कामा नये. ती तार तुटली तर दिवा पेटेल, रेडिओ बोलणार नाही. सेट विजेवरही चालत असेल तर वायर काढल्याशिवाय झाकण उघडू नये.

सेट बंद केल्यावर दिवा क्षणभर रेंगाळून विझतो, कारण आतला मोठा कंडेन्सर रिकामा व्हायला वेळ लागतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगून टाकावे, म्हणजे तक्रार घेऊन परत यायची वेळ येत नाही. आणि दिवा किती खातो तो आकडाही पावतीवर लिहून द्यावा. सेट आपल्याकडे असतो तोपर्यंत अमानत असतो. झाकणाच्या आत गिऱ्हाईक पाहत नाही, म्हणून तर हे लिहिणे जास्त जरुरीचे. आम्ही कापडवाले ताग्यावर मीटर लिहितो, ते काय वेगळे आहे? कारागिराने मजुरीही पुरी मागावी. माल चहाच्या पैशाचा असला तरी भोक पाडणे, मीटर लावणे, पट्ट्या ओळखणे यात अर्धा तास जातो, आणि तो हुन्नराचा अर्धा तास आहे.

उस्तादांनी माझ्या सेटमधला रेझिस्टन्स बदलला, दोन्ही तुकडे माझ्या तळहातावर ठेवून पट्ट्या दाखवल्या आणि पैसे घ्यायला नकार दिला. मी मजुरी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. दिवा आता रस्त्यावरून दिसत नाही. गल्ल्यावर बसल्यावर दिसतो.