‘ळ’चा ‘ल’ राहू द्या

वसईच्या पट्ट्यात थोडं चाललं की बोली बदलते. गास, निर्मळ, भुईगावच्या वाड्यांत कादोडी, म्हणजेच सामवेदी. शेजारच्या गावांत वाडवळी. पाचूबंदर-अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांत कोळी. किनाऱ्यावरच्या या बोलींत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. पाणी ‘पानी’ होतं. लग्नात हळद लागताना बायका जी गाणी म्हणतात, ती याच उच्चारात. यातला एखादा गळा पहिला अल्बम काढायला निघाला, की ‘जरा शुद्ध म्हण, बाहेरच्यांनाही कळू दे’ हा सल्ला ठरलेला. तो हिताचा वाटतो, पण ग्रामीण गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. पहिल्या अल्बमचं भांडवल गावाचा उच्चार हेच असतं.

ही साक्ष सर्वांत स्पष्ट मिळते ती अमेरिकेच्या कंट्री संगीतात. जून 1923 मध्ये ओके या तबकड्यांच्या कंपनीचे राल्फ पीअर अटलांटाला ध्वनिमुद्रणासाठी आले होते. तिथले विक्रेते पोल्क ब्रॉकमन यांनी फिडलिन जॉन कार्सन या पन्नाशी ओलांडलेल्या फिडलवादकाला त्यांच्यापुढे उभं केलं. पीअरना त्याचं गाणं अगदीच टाकाऊ वाटलं. ब्रॉकमननी मात्र आपल्या जोखमीवर 500 तबकड्या मागवल्या. कंपनीने त्यांवर क्रमांकसुद्धा घातला नाही. त्या हातोहात खपल्या, आणि मग कंपनीने तीच तबकडी रीतसर क्रमांक देऊन देशभर विकायला काढली. जे कानाला ओबडधोबड वाटलं होतं, त्यातच गिऱ्हाइकाला आपलं गाव ऐकू आलं. चार वर्षांनी, 1927 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, हेच पीअर व्हिक्टर कंपनीसाठी टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत यंत्र मांडून बसले. या खेपेला ते डोंगराळ मुलखातले गळे मुद्दाम शोधत होते. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांच्या पहिल्या तबकड्या तिथल्याच.

कुणी म्हणेल, तो मुलूख वेगळा, बाजार वेगळा. मराठी श्रोत्याला प्रमाणभाषाच हवी. मग शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेली आणि लताबाईंनी गायलेली कोळीगीतं आठवावीत. त्यांतल्या एकाच्या नावातच ‘वादलवारं’ आहे, वादळवारं नाही. लिहिणारी आणि गाणारी, दोघींचंही प्रमाणमराठीवर प्रभुत्व. तरी ‘ल’ तसाच ठेवला गेला. समुद्र न पाहिलेल्या श्रोत्यांनीही ती गाणी घरोघर गुणगुणली. अर्थ अडला नाही. शहरातले कलावंत कोळीवाड्याचा ‘ल’ मागून घेतात, तर तो ज्याच्या जिभेवर जन्मापासून आहे त्याने तो स्टुडिओच्या दाराशी काढून ठेवावा, हा व्यवहार उफराटा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ध्वनिमुद्रणात उच्चार टिकेल, पण गाणं गोठेल. हळदीचं गाणं विधी चालेल तितकं चालतं, नवरीच्या आत्या-मावश्यांची नावं त्यात ऐन वेळी गुंफली जातात. यंत्र त्याचा एकच पाठ पक्का करतं. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, आणि कंट्री गाण्याचा आकार त्याच मापाने ठरला. शिवाय मालकीचा प्रश्न. त्या कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर गावोगाव फिरून गाणी जमवत, त्यांच्यासोबत चाली लक्षात ठेवणारे लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक असत. हक्कनोंदणी मात्र बहुतेक कार्टरांच्या नावावर झाली. आक्षेप खरा आहे. पण हा दोष ध्वनिमुद्रणाचा कमी आणि नोंदीचा जास्त आहे. न मुद्रित झालेलं गाणं म्हणणाऱ्या बायकांबरोबर जातं. मुद्रित झालेलं निदान पुन्हा ऐकून बदलता येतं. आज तीन मिनिटांची सक्तीही उरलेली नाही. हळदीचं गाणं सबंध घेता येतं.

तेव्हा वसईतल्या गायकाने पहिला अल्बम काढताना दोन गोष्टी कराव्यात. ‘ल’ आणि ‘न’ जागच्या जागी राहू द्यावेत. आणि मुखपृष्ठावर नुसतं ‘पारंपरिक’ असं न छापता, गाणं कोणत्या गावचं, कोणत्या बायकांनी सांगितलं, हे त्यांना विचारून नावानिशी छापावं.