लिफ्टमधली टाच

पावसात गाडीचं टायर फुटलंय. नुकतंच लग्न ठरलेलं ब्रॅड आणि जॅनेट हे सोज्वळ जोडपं फोन करायला म्हणून आडरानातल्या एका वाड्यात शिरलंय आणि तिथल्या मंडळींचा नाच बघून आता काढता पाय घेतंय. त्यांच्या पाठीमागे जाळीची जुनी लिफ्ट खाली उतरू लागते. आधी दिसते ती फक्त टाच. चमचमती, उंच, गाण्याच्या ठेक्यावर आपटणारी. जॅनेट वळून बघते आणि किंचाळते. काळ्या केपमधला माणूस पुढे जातो, गात गात केप भिरकावतो, आणि खाली निघतो काळा कॉर्सेट, जाळीचे मोजे, गळ्यात मोती. हा डॉक्टर फ्रँक-एन-फर्टर. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो', 1975. भूमिका टिम करीची.

पुरुषाने स्त्रीवेष घेण्याचं मराठी माणसाला काय अप्रूप? बालगंधर्वांचे शालू आणि दागिने बघून घरंदाज बायका आपली फॅशन ठरवत. पण तिथे वेषाखालचा पुरुष विसरायला लावणं हीच कला होती. फ्रँक तसलं काही करत नाही. दंड पिळदार, हातावर गोंदण, आवाज खर्जातला. आणि ओठांवर गडद लिपस्टिक. तो बाई 'होत' नाही आणि पुरुष राहायलाही तयार नाही. तमाशातला नाच्या आला की लोक त्याला हसतात. इथे सगळा विनोद ब्रॅड-जॅनेटच्या अंगावर येतो, कारण त्या घरात वेगळे दिसतात ते तेच दोघे.

हे प्रकरण सुरू झालं रंगभूमीवर. रिचर्ड ओब्रायन हा न्यूझीलंडमध्ये वाढलेला, लंडनमध्ये काम शोधणारा नट. जुन्या विज्ञानपटांचं आणि भयपटांचं त्याला वेड. त्या वेडातून त्याने गाणी आणि संहिता लिहिली, जिम शारमन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने ती बसवली आणि 19 जून 1973 रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या माडीवरच्या, जेमतेम 63 खुर्च्यांच्या थिएटरात पहिला प्रयोग झाला. काळ लक्षात घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये नाटकांचं सरकारी पूर्वपरीक्षण 1968 मध्येच संपलं होतं. दोन सज्ञान पुरुषांचे खासगी संबंध इंग्लंडमध्ये 1967 पर्यंत गुन्हाच होते. म्हणजे सहा-सात वर्षांपूर्वी हे नाटक लिहिता आलं असतं, पण रंगमंचावर आलं नसतं. बोवीसारखे गायक तेव्हा चमकी लावून मंचावर येत होतेच. सू ब्लेनच्या वेषभूषेने त्यात फाटके मोजे आणि कॉर्सेट घातले. करीने आधी फ्रँकला जर्मन हेल दिला होता. मग म्हणे बसमध्ये एक बाई 'हाउस'चा उच्चार 'हाइस' असा करताना त्याने ऐकली आणि फ्रँकच्या तोंडी ती उच्चभ्रू इंग्रजी आली. माझ्या मते कॉर्सेटपेक्षा मोठी खोडी ही. राणीच्या थाटात बोलणाऱ्याला कोण हाकलून देणार?

सिनेमाचं चित्रीकरण 1974 च्या हिवाळ्यात झालं, ज्या ब्रे स्टुडिओत आणि ओकली कोर्ट वाड्यात हॅमर कंपनीचे भयपट घडले होते तिथेच. वाडा गळका, थंडी कडाक्याची. जॅनेट झालेली सुझन सॅरँडन न्यूमोनियाने आजारी पडली. एवढं करून सिनेमा आपटला. लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात मात्र गर्दी हटेना, आणि नीट बघितल्यावर कळलं, तेच ते लोक पुन्हा पुन्हा येताहेत.

1 एप्रिल 1976 पासून न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, वेव्हर्ली थिएटरात, मध्यरात्रीचे खेळ लागले. तिथून चालत काही मिनिटांवर स्टोनवॉल हा बार. 1969 मध्ये पोलिसांच्या धाडीला समलिंगी आणि तृतीयपंथी गिऱ्हाइकांनी उलटा हिसका दाखवला तो हाच. वेव्हर्लीत प्रेक्षक पडद्याला उत्तरं देऊ लागले. लग्नाचा प्रसंग आला की तांदूळ उडत. पावसात जॅनेटने डोक्यावर वर्तमानपत्र धरलं की सगळे धरत, आणि मागच्या रांगेतून पाण्याच्या पिचकाऱ्या सुटत. जेवणाच्या टेबलावर फ्रँक 'टोस्ट' म्हणून प्याला उंचावतो तेव्हा पडद्यावर भाजलेला पाव फेकायचा! पहिल्यांदा येणाऱ्याला 'व्हर्जिन' म्हणत आणि त्याच्या कपाळावर लिपस्टिकने खूण करत. पुढे तर पडद्यासमोर हौशी टोळ्या सबंध सिनेमा अभिनयासकट करू लागल्या. म्युनिकच्या एका थिएटरात तो 1977 पासून चालू आहे.

मी तो पहिल्यांदा बघितला लॅपटॉपवर, एकट्याने, आणि खरं सांगायचं तर अर्ध्यात कंटाळलो. संवादांमध्ये नको तिथे रिकाम्या जागा वाटतात. त्या जागा लोकांनी ओरडून भरायच्या असतात, हे नंतर उमगलं.

आणि या सिनेमाचं क्विअरपण मला तिथेच सापडतं, पडद्यावर कमी आणि खुर्च्यांमध्ये जास्त. कारण पडद्यावरचा हिशेब जुनाच आहे. फ्रँक कपट करतो, खून करतो. अंधारात ब्रॅड बनून जॅनेटच्या आणि जॅनेट बनून ब्रॅडच्या बिछान्यात शिरतो. संमतीचा प्रश्न तिथे हसण्यावारी नेलाय, आणि आज बघताना तो टोचतो, टोचायलाच हवा. शेवटी त्याला लेझर झाडून मारतात. वेगळ्या माणसाला राक्षस करून मारून टाकायचं, ही हॉलिवूडची जुनीच खोड. पण खाली अठरा-वीस वर्षांचा एखादा मुलगा आठवड्यातून एकदा, अंधारात, आयुष्यात पहिल्यांदा जाळीचे मोजे चढवून बसलेला असे आणि शेजारचा त्याला विचारे ते एवढंच, लिपस्टिक कुठली?

फ्रँक स्वतःची ओळख ज्या शब्दांनी करून देतो ते आता शिळे झालेत, काहींना ते लागतातही. 2016 च्या टीव्ही-आवृत्तीत ही भूमिका लॅव्हर्न कॉक्स या ट्रान्स अभिनेत्रीने केली. तिचा फ्रँक देखणा, सफाईदार. पण टाच वाजल्यावर अंगावर येणारा काटा काही आला नाही. ओब्रायन स्वतःला पूर्ण पुरुष मानत नाही, मधला कुठला तरी मानतो. तरीही त्याच वर्षी ट्रान्स स्त्रियांबद्दल त्याने केलेल्या विधानांनी त्याच्याच चाहत्यांना दुखावलं.

न्यूझीलंडच्या हॅमिल्टन गावात तो तरुणपणी न्हावीकाम करायचा. शेजारच्या थिएटरात रात्री भयपट बघायचा. ते थिएटर पाडलं. त्या जागी 2004 मध्ये ब्राँझचा पुतळा उभारला. फ्रँकचा नाही, ओब्रायनने स्वतः केलेल्या रिफ-रॅफ या नोकराचा, म्हणजे फ्रँकला मारणाऱ्याचा. अंगात अंतराळातला पोशाख, आणि पायांत मोजे, मालकासारखेच.