पाणबुड्याचा पट्टा सैल का पडतो?

पट्टे सैल असले की दप्तर पाठीवर हेलकावते. पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी असते. जमिनीवर तिचे वजन खांद्यांवर पडते. पाण्यात उत्प्लावक बलामुळे ते जवळजवळ जाणवत नाही. तेथे टाकी जागेवर ठेवतो तो मुख्यतः कंबरपट्टा. पण समुद्रात १० मीटर खोलीवर एकूण दाब दुप्पट, म्हणजे २ वातावरणे होतो. पोशाखाच्या फेसाळ रबरातील वायूचे बुडबुडे बॉइलच्या नियमानुसार आकुंचन पावतात, पोशाख पातळ होतो आणि काठावर घट्ट बसलेला पट्टा सैल पडतो! टाकी कलंडते, पाणबुड्याचा तोल जातो. म्हणून खाली गेल्यावर पट्टा पुन्हा आवळावा. मात्र दीर्घ श्वास अडेल इतका नव्हे. वर येताना तो पुन्हा थोडा सैल करावा लागतो. का बरे? विचार करा!