मृत्यूची नोंद : वारसांच्या हक्काचा पहिला कागद

घरातील कर्ता माणूस गेला की पहिले काही दिवस घराला कशाचेच भान नसते. दहावे होते, तेरावे होते, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग एके दिवशी तलाठी कार्यालयातून, बँकेतून किंवा विमा कार्यालयातून एकच प्रश्न विचारला जातो : “मृत्यूचा दाखला आणला का?” सातबारावर वारसांची नावे लावणे असो, बचत खात्यातील रक्कम काढणे असो, विम्याचा दावा असो वा कुटुंब निवृत्तिवेतन असो, या एका कागदावाचून पुढचे पाऊल पडत नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाचा कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेखाली २० हजार रुपयांचे साहाय्य मिळू शकते. त्या अर्जालाही हाच दाखला जोडावा लागतो. ज्या कुटुंबाला मदतीची सर्वाधिक निकड असते त्याच कुटुंबाकडे पुष्कळदा तो नसतो.

मृत्यूची नोंद करण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, म्हणजेच गाव नमुना क्रमांक १४ किंवा लोकांच्या तोंडी असलेले ‘कोतवाल बुक’, तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत आजही पाहावयास मिळतात. पणजोबांच्या मृत्यूची कोणा कारकुनाने मोडी लिपीत केलेली एक ओळ आज पणतूला जातीच्या दाखल्यासाठी उपयोगी पडते. ती लिहिणाऱ्याच्या मनात असा काही विचार आला असेल असे वाटत नाही. १८८६ च्या कायद्यान्वये होणारी नोंदणी मात्र ऐच्छिक स्वरूपाची होती आणि प्रांतोप्रांतीच्या पद्धतीही निरनिराळ्या होत्या. संसदेने १९६९ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम संमत केला आणि १ एप्रिल १९७० पासून तो महाराष्ट्रात अमलात आला. तेव्हापासून प्रत्येक मृत्यूची नोंद करणे कायद्याने बंधनकारक झाले आहे.

ही नोंद कोठे होते, याविषयी लोकांत मोठा गैरसमज आढळतो. नोंद मृत्यू जेथे घडला तेथे होते. मृत व्यक्ती मूळची कोठली, तिची शेती वा शिधापत्रिका कोठली, याचा नोंदणीच्या ठिकाणाशी संबंध नाही. आजरा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याला उपचारासाठी कोल्हापूरच्या रुग्णालयात हलविले आणि तेथे त्याचा अंत झाला, तर नोंद कोल्हापूर महानगरपालिकेकडे होईल. अंत्यसंस्कार गावच्या स्मशानात झाले, सारा गाव त्यांना हजर होता, तरीही त्याच्या ग्रामपंचायतीला तो दाखला देता येणार नाही. त्याची पत्नी ग्रामपंचायतीत खेटे घालीत राहते, तेथील कर्मचारी ‘आमच्या दप्तरी नोंद नाही’ असे खरेच सांगतो, आणि दोघांचाही वेळ जातो. प्रवासात धावत्या वाहनात मृत्यू झाला, तर वाहन प्रथम जेथे थांबेल तेथील निबंधकाकडे वर्दी द्यावयाची असते.

ग्रामीण भागात निबंधकाचे काम ग्रामपंचायतीत चालते. ज्याला गावकरी वर्षानुवर्षे ग्रामसेवक म्हणत आले तो अधिकारीच ते पाहतो. शहरांत नगरपरिषद वा महानगरपालिकेचा आरोग्य विभाग आणि देवळाली, खडकी, कामठी यांसारख्या ठिकाणी कटक मंडळाच्या हद्दीत ते मंडळ ही नोंद ठेवते. जिल्हा आरोग्य अधिकारी हे जिल्हा निबंधक असतात.

वर्दी कोणी द्यावी हेही कायद्याने ठरवून दिले आहे. मृत्यू घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने, तो नसल्यास जवळच्या नातलगाने, तोही नसल्यास घरातील वयाने ज्येष्ठ प्रौढ व्यक्तीने. रुग्णालयात झाला तर तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याने. वसतिगृह, धर्मशाळा, खाणावळ अशा जागी तेथील व्यवस्थापकाने. सार्वजनिक जागी बेवारस प्रेत आढळल्यास गावच्या प्रमुखाने किंवा पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने. म्हणजे रुग्णालयातील मृत्यूची वर्दी देण्याचा भार नातलगांवर नाही. तथापि रुग्णालय जो मजकूर पाठविते तो नातलगांनीच घाईगर्दीत, शोकाच्या भरात सांगितलेला असतो आणि पुढील पुष्कळशा अडचणींचे मूळ तेथेच असते.

या संदर्भात तीन कागदांची गल्लत नेहमी होते. डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देतात, स्मशानभूमीत अंत्यविधीची पावती मिळते आणि निबंधक नोंदवहीच्या आधारे दाखला देतो. पहिले दोन कागद नोंदीसाठी उपयोगी असले तरी बँक किंवा महसूल कार्यालय ग्राह्य धरते तो तिसरा. या दाखल्यावर मृत्यूचे कारण मात्र कधीही छापलेले नसते. कारण उघड करणारा दाखला कोणालाही देऊ नये, असे अधिनियमातच म्हटले आहे. ‘कारण लिहून द्या’ असा आग्रह निबंधकाकडे धरण्यात म्हणूनच अर्थ नाही. २०२३ च्या सुधारणेनुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातलगास द्यावयाची आहे. विमा कंपनीने कारण विचारले तर ती प्रत उपयोगी पडते.

वर्दी देण्याची मुदत एकवीस दिवसांची आहे. तेरावे उरकल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्यालाही तीत आठ दिवस उरतात. मुदतीत वर्दी दिली तर कोणतेही शुल्क पडत नाही आणि नोंद झाल्यापासून सात दिवसांच्या आत वर्दी देणाऱ्यास पहिला दाखला विनामूल्य मिळतो. एकवीस दिवस उलटले पण तीस झाले नाहीत, तर विलंब शुल्क भरून काम होते. तीस दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा विहित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी, शुल्क आणि विहित नमुन्यातील स्वयंसाक्षांकित कागद लागतो. एक वर्ष उलटले म्हणजे प्रकरण अवघड होते. पूर्वी अशा वेळी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. खोट्या नोंदींच्या तक्रारी पुढे आल्यावर राज्य शासनाने मार्च २०२५ मध्ये अशा विलंबित नोंदींच्या पडताळणीची कार्यपद्धती अधिक कडक केली. नोंद नसल्याचे अनुपलब्धता प्रमाणपत्र, मृत्यूचा पुरावा, चौकशी अहवाल ही सारी जुळवाजुळव अर्जदाराला करावी लागते. आपल्याकडे अनेक घरांना दाखल्याची आठवण वर्षश्राद्धाच्या सुमारास होते, आणि नेमके तेव्हाच हे दार जड झालेले असते.

सर्वाधिक कष्ट मात्र नावातील तफावतीमुळे होतात. ज्याला गाव आयुष्यभर आप्पा म्हणून ओळखत होते त्याचे नाव सातबारावर दत्तू असते, आधारपत्रावर दत्तात्रय असते आणि रुग्णालयात भाच्याने सांगितलेले नाव तिसरेच असते. स्त्रियांच्या बाबतीत तर हा गुंता अधिकच वाढतो. माहेरच्या जमिनीत वाटा असलेल्या स्त्रीचे नाव तेथील उताऱ्यावर वडिलांच्या नावासह लागलेले असते. लग्नानंतर आडनाव बदलते आणि सासरच्या प्रथेप्रमाणे कधी पहिले नावही. तिचा मृत्यू सासरच्या नावाने नोंदला जातो, आणि उताऱ्यावरील लेक व दाखल्यावरील सून ही एकच व्यक्ती होती हे सिद्ध करण्यासाठी तिच्या मुलांना कागदांची शोधाशोध करावी लागते. म्हणून वर्दी देतेवेळी आधारपत्र, सातबारा आणि बँकेचे पुस्तक समोर ठेवून नाव सांगावे आणि दाखला हाती पडताच कार्यालयातच तो अक्षरन् अक्षर वाचून पाहावा. तेथे पाच मिनिटे गेली तरी हरकत नाही.

चूक राहिलीच, तर ती दुरुस्त होऊ शकते. निबंधक पुराव्याबाबत खात्री करून घेतो आणि मूळ नोंदीत खाडाखोड न करता नोंदवहीच्या समासात दुरुस्ती लिहून तिच्याखाली तारखेसह सही करतो. पूर्वी काय लिहिले होते ते असे कायम दिसत राहते. ही पद्धत काहींना किचकट वाटते. पण ज्या नोंदवहीवर जमिनीचे हक्क ठरतात तिच्यात शाई पुसण्याची मुभा नसावी हेच योग्य. या नोंदवह्या कायम जतन करावयाच्या असून त्या कधीही नष्ट करता येत नाहीत. निबंधकाचा आदेश किंवा कृती मान्य नसल्यास तीस दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते.

मृतदेहच सापडला नाही तर काय, हा प्रश्न दरडी, महापूर आणि समुद्रातील अपघातांनी वेळोवेळी उपस्थित केला आहे. सर्वसाधारण नियम असा की सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही त्याचा मृत्यू झाला असे कायदा गृहीत धरतो, आणि त्यासाठी न्यायालयाकडे जावे लागते. मात्र २००४ ची त्सुनामी व २०१३ चा उत्तराखंडातील महापूर यांनंतर बेपत्ता व्यक्तींच्या वारसांसाठी शासनाने विशेष कार्यपद्धती ठरवून दिली होती. परदेशात भारतीय नागरिकाचा मृत्यू झाल्यास त्याची नोंद तेथील भारतीय वकिलातीत करता येते.

मृत्यूचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला न मिळाल्यास किंवा अर्ज फेटाळला गेल्यास प्रथम व द्वितीय अपील त्याच यंत्रणेतील वरिष्ठांकडे आणि तिसरे राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे करता येते. अर्जाची पोच मात्र त्यासाठी जपून ठेवावयास हवी. दाखल्याच्या तीन-चार प्रती एकदमच मागून घेणे सोयीचे ठरते, कारण बँक, विमा कार्यालय आणि तलाठी यांच्याकडे मूळ प्रती स्वतंत्रपणे लागण्याचा संभव असतो. जमिनीच्या बाबतीत वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावयाचे असते. हा अर्ज गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत दाखल होतो, चौकशीनंतर फेरफार धरला जातो आणि तो प्रमाणित झाल्यावर वारसांची नावे सातबारावर चढतात.